सावलीला तारण नाही

अमरावती आणि अकोला या दोन गावांत भांडण्यासारखं खरं म्हणजे काही नाही. अमरावतीला अंबादेवी आहे, अकोल्याला राजराजेश्वर आहे. अमरावतीला विद्यापीठ आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे. कापूस दोन्हीकडे पिकतो आणि भाव दोन्हीकडे पडतो. तरीही मार्च उजाडला की दोन्ही गावांत एक अघोषित सामना सुरू होतो. हा सामना पाऱ्याचा. अमरावतीकर सकाळी पेपर उघडून आधी अकोल्याचं तापमान बघतो. आपलं चव्वेचाळीस आणि त्यांचं त्रेचाळीस निघालं, की त्याला चहा गोड लागतो. उलट झालं तर "त्यांचं मशीन धाब्यावर ठेवलं असंन" असं म्हणून तो पेपर बाजूला टाकतो. बहुतेक वेळा उलटच होतं. या खेळात अकोला आमच्या हातून क्वचितच हरतं.

प्रस्तुत लेखक जन्मानं अमरावतीचा आणि बदलीनं अकोल्याचा. सोमवार ते शुक्रवार अकोल्याचं ऊन आणि शनिवार-रविवार अमरावतीचं, अशी आमची विभागणी आहे. बँकेत मी कारकून आहे. म्हणजे होतो. २०२४ च्या करारापासून आम्हां कारकुनांना 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव लांबलं, टेबल तेच राहिलं, आणि टेबलावरचा पंखाही तोच. फरक इतकाच, की पूर्वी लोक कारकुनावर ओरडत, आता असोसिएटवर ओरडतात.

हे सगळं सांगायचं कारण, की मला सावलीविषयी बोलायचं आहे. आणि सावलीविषयी बोलण्याचा अधिकार ज्यानं ऊन खाल्लं आहे त्यालाच असतो.

आमचे एक साळेबुवा आहेत. सौभाग्यवतींचे धाकटे बंधू. पुण्याला एका कंपनीत सात वर्षं नोकरी केली. मग कंपनीनं त्यांना आधी 'आता तुम्ही घरून काम करा' असं सांगितलं, आणि पुढे 'आता तुम्ही घरीच राहा' असं. ते अकोल्याला परत आले ते एक कल्पना घेऊनच. रिकाम्या हातानं आलेला माणूस परवडतो. कल्पना घेऊन आलेला परवडत नाही, हा मला बँकेतल्या अठरा वर्षांचा अनुभव आहे.

"भाऊजी," ते म्हणाले, "अकोल्यात गाड्या किती वाढल्या पाहा. धुवाले जागा नाही. घरी धुतो म्हटलं तं नळाले पाणी चार दिवसांआड. वॉशिंग सेंटरवर गेलं तं दोन तास नंबर. आपण सेल्फ सर्व्हिस सेंटर टाकू. माणूस येईल, पैसे देईल, पाण्याची बंदूक हातात घेईल, स्वतःची गाडी स्वतः धुवेल. मग तिकडं व्हॅक्यूमच्या खांबाशी नेऊन आतला कचरा ओढेल आणि जाईल. नोकर नाही, चाकर नाही."

मी म्हटलं, "म्हणजे पैसेही त्यानंच द्यायचे आणि गाडीही त्यानंच धुवायची?"

"हो."

"मग आपण काय करायचं?"

"आपण मॅनेजमेंट."

अमेरिकेत ही पद्धत फार जुनी आहे. तिथं नाणं टाकून माणसं मुकाट्यानं आपली गाडी धुतात. पण तो देश पेट्रोलही स्वतः भरतो. आपल्याकडं पंपावर हवा भरायलाही माणूस लागतो आणि तो चाकाशी वाकला असताना 'बराबर पाह्य रे' म्हणायला आपण लागतो. हे मी साळेबुवांना सांगणार होतो. पण तेवढ्यात सौ. चहा घेऊन आल्या आणि कपबशी ठेवता ठेवता म्हणाल्या, "आपली ती मुदत ठेव तुमच्या बँकेत नुसती पडून काय करते?"

ती ठेव साडेचार लाखांची होती. कन्येच्या शिक्षणासाठी ठेवलेली. तिची बारावी २०२५ मध्ये आणि ठेवीची मुदतही २०२५ च्या जूनमध्ये, असा हिशोब मी पाच वर्षांपूर्वी मोठ्या अभिमानानं जुळवला होता. ती ठेव मुदतीपूर्वी मोडली. स्वतःच्याच बँकेत, स्वतःच्याच काउंटरवर, दंडासकट. ठेव मोडण्याचं कारण लिहायला फॉर्मवर जागा असती तर मी 'कौटुंबिक शांतता' असं लिहिलं असतं. उरलेलं कर्ज साळेबुवांनी दुसऱ्या एका बँकेतून उचललं.

२०२४ च्या फेब्रुवारीत, मूर्तिजापूर रोडला, हमरस्त्याच्या कडेला आमचं केंद्र उभं राहिलं. गाड्या धुवायच्या तीन खणांना पत्र्याचं छप्पर होतं. त्यापुढं सिमेंटचं मोकळं अंगण, आणि त्या अंगणात व्हॅक्यूमचे तीन खांब. एकेका खांबाला हत्तीच्या सोंडेसारखी एकेक नळी. वर निळं आभाळ. नकाशा साळेबुवांनी परदेशातला व्हिडिओ पाहून काढला होता. तो व्हिडिओ ज्या देशातला होता, तिथं ऊन पडलं की माणसं सुट्टी घेऊन बाहेर येऊन बसतात, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ऍरिझोनासारखा तापट मुलूख पाहिला असता तर तिथं व्हॅक्यूमवर छत दिसलं असतं. पण फेब्रुवारीत माझ्याही लक्षात आलं नाही. फेब्रुवारीत वऱ्हाडातलं ऊन मोठं सभ्य असतं.

उद्घाटनाला पहिलं गिऱ्हाईक आलं ते बोरगाव मंजूकडचे एक कास्तकार. त्यांनी पाटी वाचली, 'आपली गाडी आपणच धुवा', आणि मला विचारलं, "काहून? तुमच्याजवळ मानसं नाई का?"

मी सगळी पद्धत समजावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पाण्याची बंदूक माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हं. एक डाव तुमी धुवून दाखवा. मंग मी पाह्यतो."

मी गाडी धुतली. ते पैसे देऊन निघून गेले. आठ दिवसांनी पुन्हा आले आणि म्हणाले, "मागच्या खेपेले मले नीट समजलं नाई."

म्हणून एक पोऱ्या ठेवावा लागला. बार्शीटाकळीकडचा, एकोणीस वर्षांचा, तोंडाला दुपट्टा बांधलेला. त्याचं काम 'गिऱ्हाइकाला स्वतः करायला मदत करणे' असं कागदावर होतं. म्हणजे सगळं तोच करायचा. 'नोकर नाही, चाकर नाही' ही कल्पना पंधरा दिवसांत निकालात निघाली.

एप्रिल आला आणि खरं दुखणं बाहेर पडलं. मी रविवारी वह्या तपासायला बसलो. कॉमर्सचा पदवीधर असल्यानं मला कुणाचीही वही तपासायला आवडते. धुलाईत पैसा येत होता, पण टँकरचं पाणी, शाम्पू, पंपाची वीज यांत तो परत जात होता. खरा नफा व्हॅक्यूममध्ये होता. तिथं पाणी नाही, शाम्पू नाही, नुसती हवा ओढायची आणि पाच मिनिटांचे चाळीस रुपये घ्यायचे. हवेवर नफा मिळवणारा यापेक्षा चांगला धंदा मी राजकारण सोडल्यास दुसरा पाहिलेला नाही. पण व्हॅक्यूमच्या रकान्यात मार्चमध्ये जिथं रोज वीस-बावीस गाड्या होत्या, तिथं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एकूण नऊ होत्या. रोजच्या नव्हे, आठवड्याच्या.

"लोकांना आतून स्वच्छता आवडत नाही," साळेबुवा म्हणाले.

मी म्हटलं, "मी स्वतः करून बघतो."

दुपारचा एक वाजला होता. माझी जुनी आल्टो मी व्हॅक्यूमच्या खांबाशी नेऊन उभी केली. आता, बंद गाडी उन्हात तासभर उभी राहिली की तिच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वीस अंशांहून जास्त चढतं, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या अर्ध्या तासातच चढतं. बाहेर त्रेचाळीस होतं. बेरीज तुम्ही करा, मी तेव्हा करण्याच्या स्थितीत नव्हतो. सीट-बेल्टचं बक्कल मनगटाला लागलं आणि तिथं एक चौकोनी ठसा उमटला. बँकेचा शिक्का इतका स्पष्ट कधी उमटत नाही. नळीची मूठ धरवेना. पैसे भरायला फोन काढला, तर फोननंच सांगितलं की मी तापलो आहे, मला थोडं थंड होऊ द्या. माझ्याबद्दल कोणी इतक्या आपुलकीनं सांगितलं असतं तर! मागच्या सीटखालचे शेंगदाण्याचे फोलपट ओढत असताना मला डोळ्यांपुढं तीनचे सहा खांब दिसू लागले. घसारा वजा न जाता मालमत्ता दुप्पट झालेली मी तेव्हाच पाहिली.

मग एकच धावपळ झाली. मला ऑफिसात नेलं. कूलरपुढं बसवलं. कोणी डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, कोणी नाकाशी कांदा धरला, सौ.नी कैरीचं पन्हं पाजलं. साळेबुवांनी इंटरनेटवर उष्माघाताची लक्षणं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, तेव्हा मी बरा झालो.

खिडकीतून बाहेर पाहिलं. माझी गाडी तशीच उघडी होती आणि तो पोऱ्या राहिलेलं काम पुरं करत होता. काम संपवून तो खांबाशी जाऊन उभा राहिला. अगदी ताठ, खांबाला खेटून, कवायतीत उभा राहावा तसा. मला गंमत वाटली. मी बाहेर जाऊन विचारलं, "अरे, असा का उभा राहतोस?"

"साहेब, सायली हाय ना इथीसा."

मी पाहिलं. खांबाची सावली होती. चार बोटं रुंद. तिच्यात तो नाक आणि कपाळाची मधली रेघ तेवढी बसवून उभा होता. ऊन सरकलं की तोही सरकायचा. सकाळी खांबाच्या पश्चिमेला, दुपारून पूर्वेला. मी पुढच्या रविवारी पाहून ठेवलं. घड्याळ न बघता त्याच्याकडं बघून वेळ सांगता यायची.

"अन् चक्कर नाही येत तुला?"

"आमाले सवय हाय, साहेब."

मी पंधरा मिनिटं उभा राहिलो तर कांदा, पन्हं आणि कूलर. तो आठ तास उभा राहतो, तर सवय. माझ्या वहीत या नोंदीला रकाना नव्हता.

त्या रात्री जेवणं झाल्यावर कौटुंबिक सभा भरली. विषय एकच : व्हॅक्यूमच्या जागेवर सावली. पत्रा ठोकावा, असं एक मत पडलं. पण पत्रा खाली सावली आणि वर तवा; शिवाय वळवाच्या वादळात तो कोणाच्या मानेवर बसेल, सांगता येत नाही. स्लॅब टाकावा तर जागा भाड्याची. पुण्याहून एका कंपनीनं तणावाच्या कापडाच्या छताचा भाव पाठवला. शिडांच्या जहाजासारखं सुंदर चित्र होतं, आणि खाली दोन लाख दहा हजार अधिक जीएसटी. चित्र आम्ही ठेवून घेतलं.

शेवटी हिरवी जाळी निघाली. नर्सरीत संत्र्याच्या कलमांवर असते ती. नागपुरात आणि इतरही गावांत अलीकडं सिग्नलवर थांबणाऱ्यांसाठी बांधतात ती. वारा तिच्यातून आरपार जातो, म्हणून ती पत्र्यासारखी उडत नाही, असं म्हणतात. मी दुकानात चौकशी केली. दुकानदारानं विचारलं, "किती टक्के पायजे?"

"काय टक्के?"

"सावली. पन्नास टक्के हाय, पंच्याहत्तर हाय, नव्वद हाय."

सावली टक्क्यानं विकतात, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. ज्या देशात ठेवीवर सात टक्के मिळाले की माणूस पेढे वाटतो, तिथं नव्वद टक्के ऐकून मी भारावून गेलो.

पण साळेबुवा पुण्याला राहिलेले. त्यांना हे 'बांबूचं काम' पसंत पडेना. "भाऊजी, आपला ब्रँड आहे," ते म्हणाले. त्यांना ते शिडाचंच छत पाहिजे होतं. त्यासाठी वाढीव कर्जाचा अर्ज करायचा ठरलं आणि तो लिहायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. मी बँकेच्या अलीकडच्या बाजूला अठरा वर्षं बसलो आहे. पलीकडच्या बाजूला प्रथमच बसलो. अर्ज कसा लिहावा हे मला पाठ होतं. 'उद्देश : सावली.' त्यापुढं 'या मालमत्तेपासून अपेक्षित वार्षिक उत्पन्न'. तिथं माझं पेन अडलं. 'कामगार संख्या' या रकान्यात मात्र मी पटकन '१' लिहिलं.

त्या बँकेतल्या साहेबांनी अर्ज चष्म्याच्या वरून आणि मग चष्म्यातून वाचला. "सावलीला तारण काय देणार?"

"छत आहे ना."

"छत कापडाचं. कापडाला मूल्य आहे, पण ते वाऱ्यावर आहे. आणि सावली तर दुपारनंतर शेजारच्या प्लॉटवर जाणार. ती कोणाच्या नावावर धरायची?"

त्यांचा मुद्दा बिनतोड होता. मीही तिकडं बसलो असतो तर हेच विचारलं असतं. त्यांनी तीन कोटेशनं मागितली. ती दिली. मग जागामालकाचं संमतिपत्र मागितलं. तेही दिलं. मग निवडणूक आली. २६ एप्रिलला अकोल्यात आणि अमरावतीत मतदान होतं, तोवर कोणत्याच कचेरीत कोणी जागेवर सापडेना. मतदानाच्या रांगेवर मात्र छान मांडव घातलेला होता. मी त्याच्याखाली अर्धा तास उभा राहिलो आणि लोकशाहीविषयी माझं मत बरंच सुधारलं.

मे उजाडला. अर्ज पहिल्याच टेबलावर होता. याच हमरस्त्यावर, अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान, २०२२ च्या जूनमध्ये पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून लोकांनी गिनेस बुकात विक्रम केला होता. पाच दिवसही पुरते लागले नाहीत. आणि त्याच रस्त्याच्या काठावर आमची सोळा फूट सावली दीड महिना झाला तरी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोचत नव्हती.

मग तो २५ मेचा शनिवार आला. चौथा शनिवार, म्हणून बँकेला सुट्टी. त्या आठवड्याला सौ. माहेरीच होत्या, म्हणून मीही अकोल्यालाच थांबलो होतो. आदल्या दिवशी अकोल्याचा पारा ४५.८ वर गेला होता. नवतपा त्याच दिवशी लागला. आणि त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हामुळं अकोला जिल्ह्यात ३१ मेपर्यंत तेव्हाचं कलम १४४ लावलं. दंगलीसाठी लागणारं कलम उन्हासाठी लागलं! शिकवणी वर्गांनी भर दुपारी पोरं बोलावू नयेत, कामगारांना पाणी आणि पंख्याची सोय करावी, असं त्यात होतं. माझ्यातला अमरावतीकर त्या दिवशी कायमचा हरला. आमच्या गावाचं ऊन कितीही कडक असो, त्याच्यासाठी कलम कधी लागलं नव्हतं.

मी बारा वाजता केंद्रावर पोचलो. पोऱ्या खांबाशीच होता. पण आज तो ताठ उभा नव्हता. खांबाभोवती गोल फिरत होता, खाली बघत, हरवलेलं नाणं शोधावं तसा.

"साहेब," तो म्हणाला, "आज सायली गेली कुठं?"

मला उत्तर माहीत होतं. पेपरात वाचलं होतं. मे महिन्याच्या तेवीस-चोवीस तारखेला अकोल्यात सव्वाबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. त्याला शून्य सावली म्हणतात. आणखी एक-दोन दिवस तसाच प्रकार राहतो. मी त्याला समजावून सांगू लागलो. पृथ्वी, तिचा कललेला आस, कर्कवृत्त, अक्षांश. मला समजावून सांगायला आवडतं. मी अक्षांशापर्यंत आलो, तेव्हा तो खांबाला पाठ घासत हळूहळू खाली बसला. आणि मग आडवा झाला.

दुपट्टा सोडला तर चेहरा कोरडा होता. घाम नव्हता. हात लावला तर अंग त्या नळीच्या मुठीसारखं. साळेबुवांनी या वेळी इंटरनेटवर काही वाचलं नाही. दोघांनी उचलून त्याला आल्टोत घातलं. अंगावर पाणी ओतत दवाखान्यात नेलं. सलाईन लागली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. संध्याकाळी तो उठून बसला आणि पहिली गोष्ट बोलला ती ही, की "साहेब, आजचा रोज कापू नका."

मी काही बोललो नाही. '१' हा आकडा मीच लिहिला होता.

घरी सासूबाई दारातच होत्या. वय बहात्तर. सगळी हकीकत उभ्यानं ऐकली. कर्जाचं, कोटेशनचं, ब्रँडचं. मग म्हणाल्या, "जवाईबापू, आंगनात मांडव घालाले कोन्या बँकेचं कर्ज लागते का?"

साळेबुवा म्हणाले, "आई, तो प्रोजेक्टचा भाग—"

"तू चूप बस. पोट्ट्याची माय कोनाजवळ रडली असती? तुह्या प्रोजेक्टजवळ?"

त्यांनी पदराची गाठ सोडली. चार हजार निघाले. रविवारी सकाळी सहाला सहा बांबू, पंच्याहत्तर टक्क्यांची जाळी आणि सुतळीचे गुंडाळे घेऊन त्या स्वतः केंद्रावर हजर झाल्या. खड्डे साळेबुवांनी खणले. सुतळी मी बांधली. बँकेत नोटांची बंडलं बांधण्याचा सराव उपयोगी पडला. सासूबाई मध्ये खुर्ची टाकून 'ढिलं पडलं, अजून ओढा' असं सांगत होत्या. मॅनेजमेंट म्हणजे काय, ते साळेबुवांनी तेव्हा प्रथम पाहिलं. दहा वाजता मांडव उभा राहिला. खर्च तीन हजार सहाशे. उरलेल्या चारशेत त्यांनी एक माठ, एक पंखा दुरुस्ती आणि कडुनिंबाचं एक रोप घेतलं.

पुढचा हिशोब लिहिण्यासारखा आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात व्हॅक्यूमच्या रकान्यात एकसष्ट गाड्या लागल्या. मात्र मांडवाखाली उभ्या राहिलेल्या गाड्या त्याच्या तिप्पट तरी होत्या. दुचाकीवरची कुटुंबं यायची, पोराला पाणी पाजायची, जायची. ट्रकवाले यायचे, आंबे कापायचे. एक शेळ्यावाला रोज एक वाजता शेळ्या घेऊन यायचा आणि 'व्हॅक्यूम कितीले?' असं नियमानं विचारायचा, म्हणजे आपण अगदीच फुकट बसलो असं वाटू नये. साळेबुवांनी पाटी लावली, 'सावली फक्त ग्राहकांसाठी'. दुसऱ्या दिवशी पाटी दिसेना. पोऱ्या कामावर परत आला होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "वाऱ्यानं गेली असंन." वारा नव्हता. आम्ही तपास केला नाही.

खरा वारा त्यानंतर आठवड्यानं आला. वादळानं बांबू धरून ठेवले आणि जाळीचा अर्धा भाग नेला. उडत नाही म्हणतात, ते सुतळी चांगली बांधली असेल तर. शोधत शोधत आम्ही अर्ध्या किलोमीटरवर एका वावरात पोचलो. कास्तकारानं ती गोठ्यापुढं बांधूनही टाकली होती आणि खाली दोन बैल रवंथ करत होते. साळेबुवांनी मालकी हक्काचा मुद्दा काढला. कास्तकार म्हणाला, "सायली आपल्या पायानं आली बाप्पा. तिले का हाकलून द्याची?"

बैलांकडं पाहून आम्ही परत आलो. त्या जाळीचे अठराशे मी वहीत 'बुडीत' म्हणून लिहिले. सासूबाईंनी ते खोडायला लावून 'उधार' लिहायला लावलं. आणि खरंच, दिवाळीला तो माणूस अर्धं पोतं ज्वारी आणून टाकून गेला.

कन्येची बारावी झाली. ठेव मोडली होती तरी फी भरायच्या दिवशी साळेबुवांनी साडेतीन लाख आणून दिले. राहिलेले लाखभर 'येणे' बाजूला उभे आहेत, आणि साळ्याकडचं येणं वसूल करण्याचा कायदा अजून निघालेला नाही. वाढीव कर्जाचं पत्रही आलं. मंजुरीचं. मांडव उभा राहिल्यानंतर सात महिन्यांनी, थंडीत. अपेक्षित उत्पन्नाचा तपशील मात्र पुन्हा मागितला होता.

कडुनिंबाचं रोप शेळ्यांनी दोनदा खाल्लं. तिसऱ्याला लोखंडी पिंजरा केला. धुलाईचं वाहून जाणारं पाणी सासूबाईंनी नाली काढून त्याच्याकडं वळवलं आहे. शाम्पू कमी वापरा, अशी गिऱ्हाइकांना ताकीद आहे. परवा मी तिकडं गेलो तेव्हा रोप छातीपर्यंत आलं होतं. मी सासूबाईंना विचारलं, "याची सावली पडायला किती वर्षं लागतील?"

"तुमच्या पोरीच्या लेकराले पुरन."

मी तिथंच उभा राहून हिशोब मांडू लागलो. पोरीचं शिक्षण चार वर्षं, मग नोकरी, मग लग्न, मग पुढचं. निंबाची वर्षाला वाढ अमुक फूट, घेर तमुक, मुदतीअंती सावली किती टक्के. बोटांवर मोजता मोजता कपाळावरून घाम खाली आला.

मांडवातून आवाज आला. पोऱ्या खुर्चीवर बसला होता. दुसरी खुर्ची त्यानं पुढं सरकवली.

"साहेब," तो म्हणाला, "हिशोब सायलीत बसून करा ना."